पाडून बांधलेल्या देवळाला ‘जीर्णोद्धार’ म्हणावे का?

महालकर : नागपुरात आमच्या महाल भागातल्या गल्लीतील जुने देऊळ गेल्या वर्षी पायापासून पाडले, सभामंडपाचे सागवानी खांब जाऊन सिमेंटचे आले, भिंतींना गुळगुळीत फरशी लागली आणि दाराशी पाटी आली, ‘जीर्णोद्धार’. माझा आक्षेप बांधकामाला नाही, शब्दाला आहे. आपल्याकडे पावसाळ्याआधी छपरावर चढून फुटकी कवेलू काढतात व धड असलेली पुन्हा रचतात, त्याला कवेलू फेरणे म्हणतात (पश्चिमेकडे शाकारणी). उखडलेला गिलावा भरणे ही डागडुजी, बिघडलेले चालते करणे ही दुरुस्ती आणि पाडून उभारणे ही पुनर्बांधणी. इतके नेमके शब्द हाताशी असताना, जे उरलेच नाही त्याचा उद्धार कसला?

धंतोलीकर : महालकरजी, शब्दाची फोड आपण बरोबर केलीत, परंतु परंपरा पाहिली नाहीत. अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधीत जीर्ण लाकडी मूर्ती जाळावी, दगडी मूर्ती पाण्यात सोडावी आणि नवी स्थापावी असे सांगितले आहे. म्हणजे जुने दूर करणे या शब्दाच्या अर्थातच बसते. सोमनाथालाही जुने अवशेष काढून नवे मंदिर उभारले गेले, 11 मे 1951 रोजी तेथे प्राणप्रतिष्ठा झाली आणि त्याला सगळे जीर्णोद्धारच म्हणतात. उद्धार स्थानाचा असतो, विटांचा नव्हे.

सक्करदऱ्याचा अंदाजपत्रकवाला : दोघेही फार वर गेलात. ‘डागडुजी’ म्हणून वर्गणी मागितली तर शंभराची नोट निघत नाही, ‘जीर्णोद्धार’ म्हटले की पाकीट येते. शिवाय दुरुस्ती फारसीतून आलेली, मरम्मत अरबीतून. असले रोजच्या घामाचे शब्द देवळाच्या पाटीवर कुणाला चालत नाहीत. खरी फसगत ‘पुनर्विकास’ या शब्दात आहे, पण तो वेगळा धागा होईल.

महालकर : धंतोलीकरजी, पुराणाचा मुद्दा मान्य; शब्दाचा अर्थ मी अरुंद केला होता. मात्र त्या विधीत जुन्याची रीतसर पाठवणी आहे. आमचे खांब अजून मागच्या विहिरीपाशी आडवे पडले आहेत, त्यांतल्या एकावरच्या कोरीव कमळात पावसाचे पाणी साचते आणि दुसऱ्यावर शेजारचे लोक गोधड्या वाळत घालतात. स्थानाचा उद्धार झाला असेलही. या खांबांसाठी पाटीवर कोणता शब्द लिहायचा, तेवढे आपण सुचवावे. रंगाचा खर्च माझ्याकडे.