आलेखावरून असमानता लिहायच्या आहेत, चिन्ह उलटं येतंय. मदत हवी आहे

कंपासपेटी: दोन रेषा, एक भाग रंगवलाय, असमानता ओळखायच्या आहेत. पहिली जमली. दुसरीचं चिन्ह चारही वेळा उलटं आलं. उद्या पेपर आहे, लवकर सांगा.

चढउतार: रेषा कुठून जातात? सलग की तुटक? रंग कुठल्या बाजूला?

कंपासपेटी: फोटो चढत नाहीये. पहिली (०, ४) आणि (२, ०) मधून, दुसरी (०, ०) आणि (३, ३) मधून.

जुनी_वही: छेदांवरून (रेषा अक्षांना जिथे कापते त्यावरून) करा, क्ष/२ + य/४ = १. मी कायम असंच करतो, चढ काढावाच लागत नाही.

चढउतार: अहो, दुसरीचे दोन्ही छेद शून्य आहेत, भागणार कशाने? आणि पहिली त्यांना जमलीच आहे. कंपासपेटी, बाकीचं सांगा ना.

कंपासपेटी: पहिली सलग, दुसरी तुटक. रंग दोन्हींच्या उजवीकडे. य < क्ष मध्ये (०, ०) घातलं, ० < ० खोटं आलं, म्हणून य > क्ष केलं. उत्तरात य < क्ष दिलंय.

चढउतार: तिथेच चुकतंय. (०, ०) त्या रेषेवरच आहे, तो कुठल्याच बाजूचा नाही. रंगवलेल्या भागातला बिंदू घ्या, उदाहरणार्थ (३, १). १ < ३ खरं. पहिली रेषा २क्ष + य = ४, इथे २क्ष + य म्हणजे ७, चारपेक्षा मोठं. सलग रेषेवरचे बिंदू धरायचे, तुटक रेषेवरचे नाहीत, म्हणून २क्ष + य ≥ ४ आणि य < क्ष.

रेघोट्या: एवढं कशाला? रेषेच्या वर म्हणजे मोठं, खाली म्हणजे लहान.

चढउतार: य एका बाजूला एकटा असेल तरच. हीच असमानता क्ष − य > ० अशी लिहिली की चिन्ह 'मोठं' आणि भाग खालचा. मुलं इथेच फसतात.

जुनी_वही: काही पुस्तकांत नको असलेला भाग रंगवतात. आधी प्रश्न नीट वाचा.

टोकबिंदू: खरी गंमत कोपऱ्यांत आहे. गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिंप्लेक्स पद्धत, म्हणजे अशा भागात सर्वांत मोठी किंवा लहान किंमत शोधायची रीत, कोपऱ्या-कोपऱ्यानेच पुढे सरकते. महत्तम किंमत काढायची असेल तर कोपरे आधी शोधा.

रेघोट्या: महत्तम कुणी विचारलंय?

चढउतार: शिवाय इथला कोपरा (४/३, ४/३) उत्तरात येतच नाही. सलग रेषेवर असला तरी तुटक रेषेवरही आहे, आणि तिथे य = क्ष होतं.

कंपासपेटी: म्हणून त्या कोपऱ्यावर पोकळ गोल काढलाय! मला ती छपाईची चूक वाटली होती. (३, १) घालून दोन्ही जुळल्या. आता उरलेली तीन सोडवते.