भामरागडला पूर, भावाचा फोन लागेना. इथे बसून काय करता येईल?

पवनीची ताई
लहान भाऊ भामरागडच्या पलीकडे एका गावात शिक्षक आहे. परवा दुपारी पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं, तेव्हापासून फोन नाही. काल दिवसभर ती रेकॉर्डवाली बाई 'संपर्क क्षेत्राबाहेर' म्हणत होती, आज सकाळपासून 'स्विच ऑफ' म्हणते. व्हॉट्सअॅपला एकच टिक. त्यात टीव्हीवर गोसेखुर्द धरणाचे दरवाजे दिसले की आईचा जीव खालीवर होतो. तीनदा चहा झाला, पिला कोणीच नाही. काय करू?

टॉवरवाला
ताई, त्या बाईच्या बोलण्यावरून काहीच ठरवू नका. फोन नीट बंद केला तर तो जाताना नेटवर्कला कळवून जातो, मग 'स्विच ऑफ' ऐकू येतं. टॉवरच बसला तर आधी 'क्षेत्राबाहेर' येतं, आणि बराच वेळ फोनची खबर आली नाही की नेटवर्क स्वतःच त्याला बंद धरतं. म्हणजे काल एक, आज दुसरं, हे टॉवर गेल्याचं लक्षण असू शकतं.

तिकडे लाइन गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग डिझेलवर. रस्ता बुडाल्यावर डिझेल पोचवणार कोण? टॉवरला जोडणारी फायबर केबल रस्त्याच्या कडेनेच गेलेली असते, ती तुटली तर टॉवरला वीज असूनही उपयोग नाही.

कॉल मारत बसू नका, साधा एसएमएस टाका. कॉलला दोन्हीकडे त्याच क्षणी रेंज लागते, एसएमएस मात्र कंपनीच्या सर्व्हरवर थांबून राहतो आणि फोन नेटवर्कला आला की पोचतो. पण कायम थांबत नाही, म्हणून रोज एक नवीन टाका. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा: देवनागरीत एका मेसेजला ७० अक्षरं, इंग्रजीत १६०. डिलिव्हरी रिपोर्ट चालू ठेवा. तो आला की समजायचं, फोन जिवंत आहे.

झाडीपट्टी
गोसेखुर्द डोक्यातून काढून टाका, आईलाही सांगा. ते पाणी वैनगंगेचं. चपराळ्याजवळ वर्धा मिळून ती प्राणहिता होते आणि सिरोंच्याकडे गोदावरीला जाते. भामरागडच्या वाटेत ते येतच नाही. तिथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांचा संगम आहे. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी मागे दाबलं जातं आणि पुलावर चढतं. म्हणून पाऊस पाहायचा तो छत्तीसगडातल्या बस्तरचा. इथे ऊन पडलं तरी तिकडचं पाणी लगेच उतरेल असं नाही, आणि उतरलं नाही म्हणजे काही वाईट झालं असंही नाही. शिवाय ३३ पैकी किती दरवाजे उघडले याची बातमी म्हणजे धरण फुटल्याची बातमी नव्हे बाप्पा.

कोतवालाचा पोरगा
गडचिरोलीच्या नियंत्रण कक्षाला लावा: ०७१३२ कोड लावून १०७७. कोड न लावता फिरवलं तर तुमच्याच जिल्ह्यात, भंडाऱ्याला लागू शकतो. बोलायच्या आधी कागदावर उतरवा: पूर्ण नाव, वय, शाळेचं नाव, गाव, टोला (वस्ती), ग्रामपंचायत. एकाच नावाची दोन-दोन गावं असतात, ग्रामपंचायत नाही सांगितली तर शोध भलतीकडे जातो. कोणाशी बोललात, किती वाजता, तेही लिहून ठेवा.

दुसरी वाट पोलीस मदत केंद्राची. टॉवर मेला तरी त्यांचा वायरलेस बोलतो. तिकडे माणसं आधीच बचावात गुंतलेली असतात, म्हणून घरातून एकानेच विचारायचं. भाऊ, काका, मावशी सगळे फिरवायला लागले की एकाच माणसाच्या पाच तक्रारी होतात. शिक्षक आहे तर केंद्रप्रमुखांनाही विचारा, कोण शाळेत थांबलंय याचा अंदाज त्यांना असतो.

पवनीची ताई
एसएमएस टाकला. पण इथेही रात्रीपासून लाइन नाही. माझाच फोन २० टक्क्यांवर आलाय.

सर्जा राजा
घरी बॅटरीवाला फवारणी पंप असेल ना? बहुतेकांत १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते. काहींना यूएसबीचं भोक असतं, मग प्रश्नच मिटला. नसेल तर गाडीत लावायचा मोबाइल चार्जर आणि त्याचा सॉकेट आणा. लाल वायर लालला, काळी काळीला. उलटी लागली तर चार्जर जळतो. केबल कापून थेट बॅटरीला तर लावूच नका, फोनला ५ व्होल्ट लागतात, तिथे १२ येतील. फोन दोनदा भरा आणि थांबा, पूर्ण पिळली की बॅटरी बाद होते आणि पुढच्या फवारणीला रडायची वेळ येते.

आणि आधी पंप ओल्या फडक्याने पुसा, हात साबणाने धुवा. तोच फोन गालाला लागणार आहे. टाकीत औषध असेल तर आधी रिकामी करा, पण विहिरीजवळ नको.

टॉवरवाला
फोन २जीवर टाका (जिओचं सिम असेल तर नको, त्यांचं २जी नाही), डेटा बंद. नातेवाइकांच्या ग्रुपवर एकदाच लिहा: 'कळलं की मीच सांगते, सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला लिहीन.' नाहीतर 'काही कळलं का?' विचारणाऱ्यांतच बॅटरी संपते. सुप्रभातवाली फुलंही दोन दिवस बंद म्हणा.

भावाचा रिचार्ज संपत आला असेल तर इथूनच मारून टाका. मुदत संपली की त्याला रेंज येऊनही फोन करता यायचा नाही. आणि लागलाच फोन, तर आईच्या हातात लगेच देऊ नका. ती आधी 'जेवला का' विचारेल. पहिल्या दहा सेकंदांत तीनच गोष्टी: कुठे आहेस, सोबत कोण, परत फोन किती वाजता चालू करशील. मग आईला द्या, जेवणाचं बोलू द्या.