ब्रुनोच्या वेळी जे चुकलं ते चिंगीच्या बाबतीत होऊ द्यायचं नाहीये

कर्वेनगर_मीरा

नमस्कार सगळ्यांना. आमचा लॅब्रॅडॉर (लॅब) कुत्रा ब्रुनो मागच्या दिवाळीनंतर गेला, साडेनऊ वर्षांचा होता. शेवटचं दीड वर्ष त्याचे मागचे पाय लादीवर घसरायचे, उठताना पुढच्या पायांवर स्वतःला ओढत भिंतीपर्यंत न्यायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. वजन ४४ किलो होतं. घरात जेवायला बसलेला प्रत्येक जण त्याला ताटातलं काहीतरी द्यायचा, सासूबाई तूप लावलेली पोळी, मुलं बिस्किटं, मी दहीभात, आणि आम्हाला वाटायचं लॅब असाच जाडजूड असतो. डॉक्टर दर वेळी वजन कमी करा म्हणायचे, आम्ही हो म्हणायचो आणि घरी आलं की परत तेच.

आता मागच्या आठवड्यात वारज्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून देशी पिल्लू आणलंय. मादी आहे, नाव चिंगी, दोन महिन्यांची असेल असं डॉक्टर म्हणाले. पहिली लस झाली, जंताचं औषध पण दिलंय. पण दवाखान्यात एवढी गर्दी असते की दहा मिनिटांत सगळं विचारून होत नाही. तर ज्यांनी कुत्रा चौदा-पंधरा वर्षं सांभाळलाय त्यांनी प्लीज सांगा, आत्तापासून ती म्हातारी होईपर्यंत कशाकशाकडे लक्ष ठेवायचं? खायला सध्या दूध-पोळीच चालू आहे, सासूबाई म्हणतात त्यांच्या माहेरी वाड्यातले कुत्रे त्यावरच जगले.

सहकारनगरची_आऊ

लसीचं पटकन सांगते कारण आत्ता तेच महत्त्वाचं आहे. पहिली झाली म्हणजे काम झालं असं अजिबात नाही. पिल्लाच्या अंगात आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती असते तीच लसीला नीट काम करू देत नाही, आणि ती कधी संपेल ते पिल्लागणिक वेगळं, म्हणून दर ३-४ आठवड्यांनी परत डोस द्यायचा आणि शेवटचा डोस १६ आठवडे झाल्यावर पडायलाच हवा. रेबीजची तिसऱ्या महिन्यात आणि मग दर वर्षी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) लस विसरू नका, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो, आपल्याकडे पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी साचतं आणि कुत्री तिथलंच पितात, आणि तो माणसांनाही होतो. जंताचं औषध तिसऱ्या महिन्यापर्यंत दर १५ दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी. पूर्ण लसीकरण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका, पार्वो (उलट्या-जुलाबांचा विषाणू) फार वाईट आहे, आमच्या बिल्डिंगमधलं एक पिल्लू चार दिवसांत गेलं. पण घरात कोंडूनही ठेवू नका, कडेवर घेऊन फिरवा, रिक्षाचा आवाज, भाजीवाला, हेल्मेट घातलेला माणूस सगळं आत्ताच बघू दे तिला. नंतर ढोलताशांना आणि फटाक्यांना घाबरून पलंगाखाली थरथरत बसणारे कुत्रे बघवत नाहीत.

तळजाईवॉकर

मीराताई, ब्रुनोचं वाचून खूप वाईट वाटलं. एक सांगतो, मनावरचं ओझं थोडं तरी हलकं होईल. लॅबचं सतत खा-खा करणं हा नुसता लाडाचा प्रकार नसतो. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांना लॅब्रॅडॉरच्या पीओएमसी नावाच्या जीनमध्ये एक बिघाड सापडला, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये असतो, आणि त्या कुत्र्याला दोन जेवणांच्या मधे जास्त भूक लागते. ब्रुनोला पण तसंच असू शकेल. तो नाटक करत नव्हता, त्याला खरंच भूक वाटत असणार. म्हणूनच किती द्यायचं हे कुत्र्याच्या डोळ्यांकडे बघून ठरवायचं नाही.

आणि जाडेपणाने किती फरक पडतो त्याचा एक अभ्यास मी नेहमी सगळ्यांना सांगतो. प्युरिना कंपनीने ४८ लॅब पिल्लांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला, आयुष्यभर. २००२ मध्ये निकाल छापला. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. खाणं तेच होतं, फक्त कमी होतं.

घरी बघायची सोपी पद्धत सांगतो. हात टेबलावर पालथा ठेवा, बोटं सरळ, आणि दुसऱ्या हाताने बोटांच्या मागची हाडं चाचपा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला तशा लागल्या पाहिजेत. मूठ वळून वरची हाडं लागतात तशा लागल्या तर कुत्रा वाळलाय, आणि तळहाताच्या गादीखाली हाडं दबलेली असतात तसं वाटलं तर जाड झालाय. वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे. हे दर रविवारी करा, एक मिनिट लागतं.

आता दूध-पोळी. सासूबाईंचं खोटं नाहीये, पण वाड्यातले ते कुत्रे दिवसभर गल्लीत हिंडायचे, उंदीर मारायचे, मटणाची हाडं, उकिरड्यावरचं काय काय खायचे, आणि दूध-पोळी वरनं मिळायची. चिंगी फ्लॅटमध्ये आहे, तिला जे ताटलीत पडेल तेवढंच. वाढत्या पिल्लाला प्रोटीन आणि कॅल्शियम लागतं ते पोळीत पुरेसं नसतं, आणि दूध बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही, पातळ शी होते. पिल्लांचं चांगलं ड्राय फूड आणा, पाकिटावर वजनाप्रमाणे लिहिलेलं असतं त्याप्रमाणे चार वेळा विभागून द्या, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. मोजायला घरातली एकच वाटी ठरवून टाका.

सहकारनगरची_आऊ

ड्राय फूडच पाहिजे असं काही नाही हां. माझी दोन्ही घरच्या जेवणावर आहेत, उकडलेलं चिकन, भात, भोपळा, गाजर, अंडं. फक्त नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम पुरत नाही त्यामुळे डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घेतलंय आणि त्यात बदल करत नाही. कांदा-लसूण, द्राक्षं-बेदाणे, चॉकलेट, आणि शुगरफ्री च्युइंगगम हे घरात खाली ठेवू नका. आपली प्रत्येक भाजी फोडणीत कांद्यानेच सुरू होते, त्यामुळे ताटातलं देऊ नये ते तूप-तेलामुळेच नाही, कांद्यामुळे पण. शिजवलेली हाडं नकोत, त्याच्या अणकुचीदार काटक्या होतात. आणि ताप आला म्हणून माणसांची गोळी कधीच देऊ नका.

बाणेर_मोती

माझा मुद्दा एकच, गोचीड. पुण्यात कुत्रा पाळायचा तर हे पहिल्या दिवसापासून डोक्यात हवं.

आमचा मोती पण देशीच, चार वर्षांचा, धट्टाकट्टा. टेकडीवर रोज सकाळी जायचो. जूनमध्ये दोन दिवस नीट जेवला नाही, मला वाटलं हवा बदलली म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले, आधी वाटलं पायाला काही लागलंय, चारही पाय बघितले तर काही नाही, आणि तेवढ्यात तो शिंकला आणि नाकातून रक्त आलं. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढुरक्या. रिपोर्टमध्ये प्लेटलेट ३८ हजार, असायला हव्यात दोन लाखांच्या वर. टिक फीव्हर, म्हणजे गोचिडीतून होणारा ताप, एर्लिकिया नावाच्या जंतूचा. नशिबाने वेळेत औषध सुरू झालं, चार आठवडे रोज गोळी, दोनदा सलाइन, मधली एक रात्र आम्ही दोघं त्याच्या शेजारी फरशीवरच झोपलो होतो. वाचला. पण आधी ज्या दवाखान्यात नेलं होतं तिथे ब्लड टेस्ट न करता फक्त तापाचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं, त्यात दीड दिवस गेला. म्हणून सांगतो, ताप आणि खाणं बंद असं असेल तर रक्त तपासा असं आपण स्वतःहून म्हणायचं, लाजायचं नाही.

तेव्हापासून फिरून आलो की दारातच त्याला उभा करतो आणि हात फिरवतो. कानाच्या आत, कानामागे, पट्ट्याखाली, बगलेत, शेपटीच्या मुळाशी, आणि सगळ्यात महत्त्वाचं पायाच्या बोटांच्या मधे, बारीक गोचीड तिथे तिळासारखी बसलेली असते. चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ ओढायची. चिरडायची नाही. रॉकेल लावतात काही लोक, कृपा करून लावू नका, कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. आणि घर पण बघा, एक मादी हजारो अंडी घालते ती कुत्र्यावर नाही, भिंतीच्या भेगांत, पलंगाखाली, गादीच्या शिवणीत. महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी मिळते, चिंगीच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि फक्त पावसाळ्यात नाही, बारा महिने. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध तिला चुकूनही लावू नका, काही औषधांनी मांजर मरतं.

पेठेतली_स्पिट्झ

मीराताई, चिंगी मादी आहे म्हणून मुद्दाम लिहितेय. वेळेवर नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. आमच्या राणीचं आम्ही केलं नव्हतं, आजी म्हणायची मुक्या जीवाला कशाला कापायचं, आणि मलाही ते पटलं होतं. आठ वर्षांची असताना हीट (माज) संपून महिना-दीड महिना झाला असेल, ती पाणी प्यायला लागली, इतकं की दिवसातून चारदा भांडं भरायचो, उन्हाळा होता म्हणून आम्हाला काही वाटलं नाही. मग मरगळली, मागून घाण वास यायला लागला. गर्भाशयात पू झाला होता, पायोमेट्रा म्हणतात. रात्री अकराला इमर्जन्सी ऑपरेशन झालं. वाचली, पण आठ वर्षांच्या आजारी कुत्रीला भूल देणं आणि सहा महिन्यांच्या ठणठणीत पिल्लाला भूल देणं यात फार फरक आहे. नेमकं कधी करायचं ते डॉक्टर सांगतील.

आणि दात! चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात, तेव्हापासूनच बोटाला कापड गुंडाळून दात पुसायची सवय लावा, मग कुत्र्यांची पेस्ट. आपली टूथपेस्ट नको. राणीचे पाच दात काढावे लागले.

निवृत्त_काका_औंध

आमचा शेरू जानेवारीत चौदा वर्षांचा झाला, म्हणून मी म्हातारपणाचं लिहितो. सात-आठ वर्षांनंतर वर्षातून दोनदा रक्त आणि लघवी तपासतो. किडनीचा त्रास त्यातच पहिल्यांदा कळला, तोपर्यंत तो पळत होता, खात होता, वरून काहीच दिसत नव्हतं. खाणं बदललं, आणि आता अडीच वर्षं छान चालू आहेत.

एक छोटी वही ठेवली आहे. वजन दर महिन्याला (मी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहायचो आणि माझं वजा करायचो, आता माझी पाठ दुखते म्हणून दवाखान्यात करतो), लस, जंताची गोळी, किती पाणी प्यायला, कधी लंगडला. डॉक्टर बदलले तेव्हा ती वही पुढे ठेवली आणि त्यांनी आधी पाच मिनिटं तीच वाचली.

बाई, ब्रुनोच्या पायांचं वाचलं. लादीवर घसरणं हे वजन जास्त नसलं तरी म्हातारपणी होतंच. आम्ही त्याच्या पलंगापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत जुन्या सतरंज्या टाकल्या आहेत, खाली रबराची जाळी. पंजांमधले केस आणि नखं कापतो. तो पुन्हा स्वतः उठून पाणी प्यायला जायला लागला. तीन जिने उतरायचे असतात, तर पोटाखालून टॉवेल घालून मागचा भार मी धरतो. सकाळी दोन किलोमीटर चालायचा, आता पाचशे मीटर चालतो पण दोन्ही वेळा, आणि मधेमधे थांबून वास घेऊ देतो. एप्रिल-मे मध्ये साडेसहाच्या आत परत. उलटा हात डांबरावर ठेवून बघा, आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांना कसं होईल.

कर्वेनगर_मीरा

सगळ्यांचे मनापासून आभार. तळजाईवॉकर दादा, तुमचं ते भुकेचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, पण बरं वाटलं. काका, सतरंज्यांचं आम्हाला कुणी सुचवलंच नाही, मला पण सुचलं नाही.

तुमचं सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. वाड्यातल्या कुत्र्यांबद्दल ऐकून म्हणाल्या, खरंय, आमचा काळ्या उंदीर धरायचा. आता वाटी त्यांच्या ताब्यात दिलीये, दुसऱ्या कुणाला घालू देत नाहीत. काल चिंगीचं वजन केलं, ३ किलो ४००, वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. बोटांच्या मधे बघितलं तर उजव्या पुढच्या पायात एक बारीक गोचीड निघालीच, दारात उभं करून. हिरड्या मस्त गुलाबी आहेत. उद्या डॉक्टरांना गोळीचं विचारते, एवढ्या लहान पिल्लाला चालते का?

बाणेर_मोती

बहुतेक गोळ्या आठ आठवड्यांनंतर चालतात पण प्रत्येकीचं कमीतकमी वय आणि वजन वेगळं असतं, ते आजच्या वजनावर डॉक्टरच ठरवतील. वही घेऊन जा. आणि जिथे ती झोपते ती गादी आज उन्हात टाका, शिवणी उलगडून बघा.