मदत हवी आहे: रोबोच्या चाकाचा वेग मोजायला कोणता सेन्सर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, रोबोकॉन या रोबो स्पर्धेसाठी चार ऑम्नी चाकांचा (कडेवरच्या छोट्या रोलरमुळे आडवीही सरकणारी चाकं) रोबो बांधतोय. चाकाचा व्यास १०० मिमी, वेग सेकंदाला ३ मीटरपर्यंत हवा. म्हणजे चाक साधारण ५७० आरपीएमने (मिनिटाला फेऱ्या) फिरणार. बोर्ड एसटीएम३२ (मायक्रोकंट्रोलर) आहे, पीआयडीचा, म्हणजे मोजलेला वेग बघून मोटार कमीजास्त करणाऱ्या प्रोग्रॅमचा, लूप १० मिलिसेकंदांचा.

आधी हॉल सेन्सर (चुंबक समोरून गेलं की पल्स देणारा) डोक्यात होता. स्वस्त आहे, धूळ-तेलाचीही भीती नाही. पण हिशेब बसत नाही. हबवर चार चुंबकं लावली तर भर वेगातही सेकंदाला ३८च पल्स मिळतात, म्हणजे बहुतेक लूप रिकामेच जाणार. दोन पल्समधला वेळ मोजून वेग काढता येतो, पण ठरलेल्या जागी थांबताना रोबो अगदी हळू सरकतो, तेव्हा पुढचा पल्स येईपर्यंत पीआयडी शिळ्या आकड्यावर चालणार. शिवाय एका सेन्सरवरून दिशा कळत नाही ती वेगळीच.

म्हणून फेरीला ६०० पल्सचा, दोन चॅनेलचा ऑप्टिकल एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते प्रकाशाने मोजणारा सेन्सर) बघतोय; दोन चॅनेलमुळे दिशाही कळते. दोन्ही चॅनेलच्या सगळ्या कडा मोजल्या तर फेरीला २४०० काउंट, भर वेगात एका लूपमध्ये २२९ च्या आसपास. मोजणी एसटीएम३२ मधला टायमरच करतो, त्यामुळे प्रोसेसरवर ताण नाही. आउटपुट ओपन कलेक्टर (स्वतः व्होल्टेज न देणारं) असेल तर ३.३ व्होल्टला पुलअप रेझिस्टर देऊ. अडचण जागेची आहे. हा डबा चाकाशेजारी मावत नाही, आणि कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) इथल्या उद्यमनगरात टर्नरकडून करून घेतलं तरी दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसतील तर एन्कोडरचं बेअरिंग जाईल.

तिसरा पर्याय एएस५६००, चुंबकाचा कोन मोजणारी चिप. छोटा आहे, शाफ्टच्या टोकाला चुंबक लावून त्यासमोर चिप ठेवली की झालं, फेरीला ४०९६ पायऱ्या. पण आयटूसी (बोर्डाशी बोलायची दोन तारांची पद्धत) पत्ता सगळ्यांचा एकच, चार लावायचे तर त्यांच्यातून एकेक निवडणारा मल्टिप्लेक्सर आला. मोटारीचं चुंबक जवळ असताना रीडिंग स्थिर राहतं का?

दुसरी शंका जास्त महत्त्वाची वाटते. मोटारीवरचं चाक घसरलं तर एन्कोडर ते अंतरही मोजणार. मला वाटतं, वेगासाठी चारही मोटारींवर एन्कोडर हवेतच, आणि जागा कळण्यासाठी स्प्रिंगने जमिनीला टेकलेली दोन मोकळी ऑम्नी चाकं वेगळी. पण बजेटमध्ये सहा ऑप्टिकल एन्कोडर बसत नाहीत. मोकळ्या चाकांना ऑप्टिकल आणि मोटारींना एएस५६०० अशी विभागणी कुणी केली आहे का? स्प्रिंगचा दाब किती ठेवलात? मोकळं चाक उचललं जाऊ नये आणि मोटारीच्या चाकांवरचा भारही कमी होऊ नये, हे कसं जमवलंत ते सविस्तर सांगा.