मदत हवी आहे: खारफुटीच्या चिखलातला कार्बन मोजताना अडलोय
खारफुटीचा खरा कार्बनसाठा झाडांपेक्षा खालच्या चिखलात असतो. तिथे ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे मुळं-पानं कुजता कुजत नाहीत. म्हणून प्रकल्पासाठी १ मीटर खोल पाइप ठोकला. बाहेर काढला तर आत जेमतेम ८० सेंटिमीटर गाळ, तोही कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा! म्हणजे ठोकताना दबला. आता घनता काढताना ही तूट सगळ्या थरांत सारखी वाटायची, की वरच्या मऊ थरात जास्त धरायची?

शिवाय गाळात शिंपल्यांचा चुरा बराच आहे. त्यातला कार्बन सेंद्रिय नाही, तो सौम्य आम्लाने काढतात हे ठाऊक आहे; पण त्यात थोडा सेंद्रिय भागही धुऊन जातो ना? स्वतः हे केलेल्यांनी प्लीज सांगा, नमुने परवा भट्टीत टाकायचेत.