शनिवारची ४० टक्के शक्यता म्हणजे नेमके काय?
हवामान अंदाजात शनिवारी पावसाची शक्यता ४० टक्के दिली आहे म्हणजे शनिवारचा ४० टक्के वेळ पाऊस पडेल, असा अर्थ अनेकदा काढला जातो. तो बरोबर नाही. हा आकडा त्या प्रदेशातील एखाद्या ठिकाणी ठरावीक कालावधीत मोजण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता सांगतो, पावसाचा जोर किंवा अवधी नव्हे. वसंतात हे विशेष लक्षात ठेवावे लागते, कारण दुपारपर्यंत जमीन झपाट्याने तापते, वरची हवा मात्र अजून थंडच असते, आणि या तफावतीतून उभे वाढणारे ढग एका गावाला झोडपून शेजारचे गाव कोरडे सोडतात. अशा सरी बहुधा दुपारनंतर येतात, म्हणून बाहेरचे कार्यक्रम रद्द करण्यापेक्षा सकाळी उरकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. शनिवारसाठी सोमवारी दिलेल्या अंदाजावर (आणि उत्साहाच्या भरात आपण सगळे तोच पाहतो) मात्र फार विसंबू नये: युरोपीय हवामान अंदाज केंद्राचे (ECMWF) संगणकीय प्रारूप किंचित बदललेल्या आरंभस्थितींवरून ५० वेळा चालवले जाते, आणि पाचव्या दिवसापर्यंत त्या उत्तरांत बरीच फाटाफूट होऊ शकते. शुक्रवारी संध्याकाळी अंदाज पुन्हा पाहावा. गडगडाट ऐकू आलाच, तर झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.