पॅट समिट यांची ३८ वर्षं

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या दीर्घ कारकिर्दींची चर्चा निघाली की प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या १० विजेतेपदांचा उल्लेख येतो, तो योग्यच. पण मला त्या चर्चेत मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक पॅट समिट यांचंही नाव घ्यावंसं वाटतं, म्हणून लिहिते.

१९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या मुलींचा संघ त्यांच्याकडे आला तेव्हा त्या जेमतेम २२ वर्षांच्या होत्या. मुलींच्या खेळाला तेव्हा पैसा कुठला! सामन्यांना जायची व्हॅन त्या स्वतः चालवायच्या, खेळाडूंचे कपडेही स्वतःच धुवायच्या. तिथून २०१२ पर्यंत १०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं. मध्ये अमेरिकेच्या महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून १९८४ चं ऑलिंपिक सुवर्णही.

मला मात्र त्यांची वेगळीच गोष्ट मोठी वाटते. त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, हा त्यांचा नियम. खेळापायी शिक्षण अर्धवट सुटलेली मुलं आपणही आजूबाजूला पाहतोच, त्यामुळे हे किती अवघड आहे ते कळतं.

२०११ मध्ये अल्झायमरचं निदान झालं. ते त्यांनी लपवलं नाही, आणि पुढचा अख्खा मोसम त्या संघाबरोबर राहिल्या.